वेगळं ताट

(स्त्री-आरोग्य शिबिरात कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मागच्या शिबिराच्या शेवटी आपण चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या. आरोग्याबद्दल मनात असेल ते लिहा, नाव घालू नका, असं सांगितलं होतं. बहुतेक चिठ्ठ्या पाळी आणि अंगावरून पांढरं जाणं याबद्दलच्या असतील असा माझा अंदाज होता. तशा होत्याच. पण जवळजवळ तितक्याच चिठ्ठ्या ताप, खोकला, जुलाब याबद्दलच्या निघाल्या. ‘पोराला महिन्यातून दोनदा सर्दी होते, रक्त कमी आहे का?’ ‘डॉक्टर सुई देत नाहीत, नुसत्या गोळ्या देतात, तर ताप कसा जाणार?’ आणि एका चिठ्ठीत एवढंच होतं : ‘टीबीवाल्या बाईच्या घरी चहा प्यावा का?’

या शेवटच्या चिठ्ठीमुळे आज मी बोलायला उभी आहे. मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून समुपदेशन केंद्रात काम करते. आपल्याकडे येणारी बाई मारहाणीची, पोटगीची, टाकून दिल्याची तक्रार घेऊन येते. आजार तिच्या तक्रारीत कुठेतरी तळाशी असतो, आणि तो विचारायचं आपण विसरतो. मी विसरले होते. त्याबद्दल पुढे सांगेन, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं बोलण्याचा मला हक्क नाही.

आधी शरीराचं बघू. आपण श्वास घेतो, जेवतो, घाणीतून चालतो. जंतू दिवसभर आपल्यावर येऊन आदळत असतात. तरी आपण रोज आजारी पडत नाही. कातडी धड असेल तर बहुतेकांना तिथूनच परत जावं लागतं. नाकात आणि श्वासनळीत चिकट शेंबूड असतो, त्याच्यात ते अडकतात, आणि श्वासनळीच्या आतली बारीक लव तो शेंबूड सतत वर, घशाकडे ढकलत असते. पोटातलं आम्ल पुष्कळांना मारतं. हे सगळं आपल्याला न कळता चालू असतं. घरात बाईचं काम जसं कोणाला दिसत नाही तसंच.

एवढं करूनही जंतू आत शिरलाच तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्यातल्या काही त्याला सरळ गिळतात. काही इतरांना वर्दी देतात. पण हा जंतू शरीराने आधी पाहिलेला नसेल तर खास त्याच्यासाठीची फौज तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तुमच्यापैकी ज्या दारूच्या गुत्त्यावर गेल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. पहिल्यांदा गुत्ता बंद करायचा ठरलं तेव्हा किती दिवस लागले? घरोघरी जायचं, नवऱ्याला भिणाऱ्या बाईची समजूत घालायची, कोण पुढे राहणार ते ठरवायचं. आणि दुसऱ्यांदा तोच गुत्ता उघडला तेव्हा? थाळीवर लाटणं वाजलं की दहा मिनिटांत पन्नास बाया. शरीराचंही असंच आहे. पहिल्या लढाईत तयार झालेल्या काही पेशी पुढे कित्येक वर्षं टिकून राहतात, त्या जंतूला ओळखतात, आणि तो पुन्हा आला की त्याला चिकटून बसणारी प्रतिपिंडं झटपट तयार होतात. लस म्हणजे ही पहिली लढाई खोटी खोटी करून घेणं. मग खऱ्या वेळी शरीर बेसावध नसतं.

मग एकदा गोवर झाला की पुन्हा सहसा होत नाही, आणि सर्दी वर्षातून चारदा कशी होते? कारण गोवराचा विषाणू एकाच प्रकारचा आहे. सर्दीचे शंभरावर आहेत. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडं रूप बदलतो. डेंग्यूचे चार प्रकार, आणि एका प्रकाराचा होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो कधी कधी पहिल्यापेक्षा जास्त अंगावर येतो. म्हणून ‘मला एकदा डेंग्यू होऊन गेला, आता भीती नाही’ असं कोणी म्हटलं तर तिला थांबवा. गोवराचं तर आणखी एक वाईट आहे. तो जाताना, शरीराने आधीच्या आजारांतून कमावलेली ओळखही पुष्कळशी पुसून जातो. गोवर बरा झालेलं मूल पुढे न्युमोनियाने, जुलाबाने का जातं, त्याचं एक कारण हे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. कोविडच्या काळात लसी चुकल्या होत्या, त्याचा तो हिशेब होता. ‘गोवर काय, सगळ्यांनाच येतो’ हे वाक्य आपल्या वस्तीतून घालवायला हवं.

आता ताप. ताप हा मुळात रोग नाही. जंतू शिरल्याची खबर मिळाली की मेंदूच शरीराची उष्णता वाढवतो, कारण वाढलेल्या उष्णतेत बरेच जंतू मंदावतात आणि पांढऱ्या पेशी जोराने काम करतात. त्यामुळे ताप आल्याआल्या सुई हवीच असं नाही. अंग फार दुखत असेल तर पॅरासिटॅमॉल घ्या, पाणी प्या, आणि जेवा. तापात लंघन करायला लावतात ते बंद करा, शरीर लढत असताना त्याची शिदोरी का काढून घ्यायची? दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, मूल पेंगुळलं, त्याला झटके आले, श्वास भरभर चालू लागला, तर मात्र घरी बसू नका. सर्दी विषाणूची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि सलाईनच्या बाटलीत मुख्यतः मीठ आणि पाणी असतं. बाई दिवसाची मजुरी बुडवून जाते आणि बाटली लावून येते. तिला वाटतं काहीतरी भारी औषध दिलं. मी तिला हसत नाही. झोपून राहायला मिळालेला तो तिचा वर्षातला एकच तास असतो.

जुलाबाचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला येतं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासित बनगावला आले, पटकी पसरली, सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. रुग्णांना ते पाणी पाजणारे हात घरच्या माणसांचेच होते.

आता चहाच्या चिठ्ठीकडे येते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधल्याचं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आपल्या आनंदीबाई जोशी पुण्यात गेल्या. वय २१. आदल्या वर्षीच अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या होत्या. त्यांना क्षय होता असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. जंतू सापडला होता, पण औषध यायला आणखी साठ-एक वर्षं होती. आज औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तरी २०२३ च्या आकड्यांप्रमाणे जगातले २६ टक्के क्षयरुग्ण एकट्या भारतात होते.

हा जंतू लबाड आहे. बाकीच्या जंतूंना पांढरी पेशी गिळते आणि पचवते. याला ती गिळते, पण पचवू शकत नाही. हा तिच्या पोटात बसून राहतो. मग शरीर दुसरी युक्ती करतं. आणखी पेशी येऊन त्या जागेभोवती कडं करतात आणि जंतूला आतच कोंडतात. फुप्फुसात अशी बारीक गाठ होते आणि माणसाला पत्ताही नसतो. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना हा संसर्ग होऊन गेलेला आहे असं मानतात. या खोलीत आपण साठजणी आहोत. आपल्यातल्या कितीतरीजणींच्या छातीत तो कोंडलेला असेल. त्या आजारी नाहीत, त्यांच्यापासून कोणाला धोका नाही. अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो.

कडं कधी सुटतं? पहारा करणाऱ्या पेशी कमी पडल्या की. एच.आय.व्ही. असेल, मधुमेह असेल, विडी-सिगारेट असेल, दगडाच्या खाणीत धूळ खाल्ली असेल, बाळंतपणानंतरचे महिने असतील. आणि आपल्या देशात सगळ्यात मोठं कारण म्हणजे पोटभर न मिळणं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकांत छापून आला. क्षयरुग्णांच्या काही घरांत फक्त रुग्णाला शिधा दिला. काही घरांत घरातल्या सगळ्यांनाच तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळ्यांना मिळालं तिथे बाकीच्या माणसांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. तांदूळ आणि डाळ, बायांनो! आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी झाले. हे वाचलं तेव्हा मला आपल्या घरातली पंगत दिसली. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, आणि पातेल्याच्या तळाला राहील ते हिचं. रेशन कार्डावर नाव असणं हा क्षयाच्या कामाचा भाग आहे, असं मी आता प्रत्येक बैठकीत सांगते.

आणि पसरतो कसा? ज्याच्या फुप्फुसात रोग आहे आणि औषध चालू नाही असा माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून. ते तुषार बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. खिडकी उघडली की विरळ होतात, ऊन लागलं की जंतू मरतो. ताटातून, कपातून, अंथरुणातून, लुगड्यातून, हात लावल्याने तो पसरत नाही. मानेतल्या गाठींचा, मणक्याचा, गर्भाशयाचा क्षय असेल आणि फुप्फुसात नसेल तर तो सहसा कोणालाच लागत नाही. फुप्फुसाचा असला तरी योग्य गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांत धोका खूप उतरतो. मद्रासला १९५० च्या दशकात याची परीक्षाच झाली. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या गर्दीच्या घरात, औषध दोघांनाही तेच. घरचेही तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त क्षय झाला नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे वेगळ्या ताटाला शास्त्राचा आधार नाही हे कळूनही पासष्टाच्या वर वर्षं झाली.

मला मात्र २०१३ साली ते माहीत नव्हतं.

ही गोष्ट मी तिला विचारून सांगते आहे. नाव सांगू नका म्हणाली, बाकी सगळं सांगा म्हणाली. एम.एस.डब्ल्यू. होऊन मला दोन वर्षं झाली होती. बाई बाविशीची, पदरी पाच महिन्यांचा मुलगा. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली होती. तक्रार काय, तर हिला टीबी आहे आणि हिच्या आईबापांनी लग्नाआधी लपवला. आम्ही दोन्हीकडच्यांना बोलावलं. तीन बैठका झाल्या. सासू बोलायची, नवरा खाली मान घालून बसायचा, सासरे कोपऱ्यात खोकत बसायचे. त्यांना दमा आहे असं कळलं. तिसऱ्या बैठकीत ते तिला परत न्यायला तयार झाले आणि मला कोण आनंद झाला! मी समझोता लिहायला घेतला. नवरा मारहाण करणार नाही. माहेरी जायला अडवणार नाही. आणि कलम चार : तिची ताटवाटी आणि अंथरूण वेगळं राहील, औषध पूर्ण होईपर्यंत मूल सासूजवळ झोपेल. हे सासूने मागितलं होतं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट आपण आरोग्याचाही विचार केला असं वाटलं. तो कागद फायलीत अजून आहे, माझ्या अक्षरात.

पुढचं असं झालं. दहा बाय बाराची खोली. वेगळं अंथरूण कुठे घालणार? तर पोटमाळ्यावर. तिथे खिडकी नाही, वर पत्रा. मूल अंगावर पीत होतं ते तुटलं. ताट वेगळं झालं की त्यात काय वाढलं जातं तेही वेगळं होतं, हे मला बैठकीत बसून कसं कळणार? गोळ्या सुरू झाल्यावर भूक लागते. तिला दोन पोळ्या मोजून मिळायच्या. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंगात ताकद आली, मग गोळ्या कशाला खाऊन भूक वाढवायची, म्हणून चौथ्या महिन्यात तिने त्या बंद केल्या. घरी कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्या वहीत ‘समझोता यशस्वी’ असं लिहून झालं होतं.

वर्षाने ती पुन्हा आली ती हाडांचा सापळा होऊन. त्याच सुमाराला मुलाच्या गळ्यात गाठी आल्या म्हणून दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथल्या आरोग्यसेविकेने सगळ्या घराचा बेडका तपासायला लावला. सासऱ्यांचा दमा हा दमा नव्हता. किती वर्षांपासून ते खोकत होते कोण जाणे. तिला संसर्ग बहुधा त्याच घरात झाला होता, आणि बाळंतपणाने शरीर खंगल्यावर तो वर आला होता. लग्नाआधी कोणी काही लपवलं नव्हतं. आणि आम्ही त्या बाळाला आईजवळून उचलून, त्याचा आजा रात्रभर खोकत होता त्याच खोलीत नेऊन झोपवलं होतं. कलम चारप्रमाणे.

सासऱ्यांचं ताट वेगळं झालं नाही, हेही सांगायला हवं.

ती बरी झाली. दुसऱ्या वेळी औषध माहेरी राहून पूर्ण केलं, तिचा भाऊ रोज कामावर जाण्याआधी समोर बसून गोळ्या देत असे. मुलगाही बरा झाला. पण तो आजीला आई म्हणत होता आणि हिला नावाने हाक मारायचा. त्यात बरंच दिवस गेलं. आता ती एका शाळेत पोषण आहार शिजवते. मी तिची माफी मागितली तेव्हा म्हणाली, ‘ताई, तुम्ही लिहिलं नसतं तरी त्यांनी तेच केलं असतं.’ खरं असेल. पण मग तिला निदान म्हणता आलं असतं की संघटनेच्या बायांनी असं सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, ही नव्या कार्यकर्तीची चूक. तर २०१६ सालचं ऐका. आपल्याच एका कार्यकर्तीला क्षय झाला. कोणी तिला काही बोललं नाही, सगळ्याजणी गोड वागल्या. फक्त ऑफिसातल्या एका कपाच्या कानाला लाल दोरा बांधला गेला. कोणी बांधला ते आजवर कळलेलं नाही. समोरच्या भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या, हे आपण दर ३ जानेवारीला पोरींना सांगतो. आणि त्या फोटोखाली तो कप. तिने स्वतः तो दोरा सोडला आणि काही न बोलता त्याच कपात सगळ्यांच्या देखत चहा ओतून घेतला.

बाईच्या बाबतीत काही गोष्टी डॉक्टरही बोलत नाहीत, त्या आपण बोलायच्या. पहिली, बेडक्याची. डबी हातात देतात आणि बाहेर पुरुषांची रांग असते. खाकरायची लाज वाटते, मग ती नुसती थुंकी देऊन येते आणि तपासणीत काही निघत नाही. तिला सांगायचं की सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून आलेला बेडका हवा. सोबत जायचं, आडोसा शोधायचा. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यातलं काही असलं तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅटची तपासणी मागायची. क्षयाच्या नोंदींत पुरुष जास्त दिसतात. ते थोडंफार खरंही आहे. पण बाईचा खोकला चुलीवर ढकलला जातो हेही खरं आहे.

दुसरी, गोळ्या सुरू झाल्या की लघवी लालसर-नारिंगी होते. ते रक्त नाही, रिफाम्पिसिनचा रंग आहे. एवढं न सांगितल्यामुळे किती बायांनी पहिल्याच आठवड्यात गोळ्या फेकल्या असतील! याच औषधाने पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून तेवढ्या काळात दुसरं साधन वापरायचं. गरोदर बाईने क्षयाची औषधं सोडायची नाहीत. बाळाला पाजणाऱ्या आईने पाजायचंच, फुप्फुसाचा रोग असेल तर सुरुवातीला तोंडावर स्वच्छ फडकं किंवा मास्क बांधून, आणि बाळाची तपासणी करून घ्यायची.

तिसरी, सगळ्यात झाकलेली. गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा क्षय. खोकला नाही, ताप नाही, कधी पाळी कमी होते, कधी ओटीपोट दुखतं, पुष्कळदा काहीच नाही. नलिका आतून चिकटतात आणि मूल राहत नाही. आपल्या देशात मूल न होण्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. पण त्या घरात काय होतं? ‘वांझ’ म्हणून तिचा उद्धार होतो, दुसरी बायको आणण्याची भाषा होते, उपास-नवस होतात. मूल नाही म्हणून आपल्याकडे केस आली की दोघांचीही तपासणी झाली का ते विचारा, नवऱ्याची आधी, ती सोपी असते. आणि तिच्या तपासणीत क्षयाचा विचार झाला का ते विचारा. उशीर झाला तर क्षय बरा होतो पण नलिका उघडतीलच असं नाही, म्हणून लवकर विचारा.

औषध सहा महिने का, असं सगळ्याजणी विचारतात. इतर कित्येक जंतू वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन होतात. हा जवळजवळ दिवसभर घेतो. बराच काळ निजून असतो, आणि निजलेल्यावर औषध नीट लागू पडत नाही. खोकला थांबला म्हणजे जागे होते ते मेले. मध्येच सोडलं तर उरलेले औषधाला सरावू शकतात, आणि मग साध्या गोळ्या चालत नाहीत. अशा औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वी महिनोन्‌महिने सुया द्याव्या लागत आणि त्यांनी कान जात. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांचे कान असेच गेले. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी, त्यांचीही श्रवणशक्ती अशीच गेलेली, बेडाक्विलीन या नव्या औषधाच्या कंपनीला पेटंट वाढवून देऊ नका म्हणून भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. २०१९ साली घेतली आणि मार्च २०२३ मध्ये त्या जिंकल्या. त्यामुळे ते औषध स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली. आता त्या रोगालाही तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत.

कायद्याचं आणि पैशाचं सांगून थांबते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाची कारणं दिली आहेत, त्यात क्षय नाही. ‘टीबी आहे, आता सोडचिठ्ठी’ असं कोणी म्हणालं तर हे सांगा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५, तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतो, आजारी असतानाही. पोटगी पूर्वी कलम १२५ खाली मागायचो, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १४४ खाली. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी सरकार पैसे देतं. २०१८ साली ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले. ते बँकेत जमा होतात. कोणाच्या खात्यात, हा प्रश्न आपला. नवऱ्याच्या खात्याचा नंबर दिलेल्या कितीतरी बाया मला भेटल्या आहेत. आधी तिचं खातं उघडा. घरातल्या इतरांची तपासणी आणि ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या, हेही कार्यक्रमात आहे. म्हाताऱ्या सासऱ्यांच्या ‘दम्या’सकट सगळ्यांची तपासणी मागा.

आपल्या केंद्राच्या समझोत्याच्या छापील नमुन्यात आता एक ओळ घातली आहे : आजारपणाच्या कारणावरून बाईचं ताट, अंथरूण किंवा मूल वेगळं केलं जाणार नाही, डॉक्टरांनी लेखी सांगितलं असेल तेवढाच अपवाद. तो नमुना मी आणला आहे, मागच्या टेबलावर ठेवलाय, आपापल्या केंद्रासाठी घेऊन जा आणि त्यात काय कमी आहे ते आत्ताच सांगा. चहा आला आहे. घेता घेता बोलू. चिठ्ठी कोणी लिहिली होती ते विचारणार नाही, पण तिने पहिला प्रश्न विचारला तर मला आवडेल.